कुलूप शाबूत, म्हणून चोरीच नाही?

चोरी झाली की बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न चोराबद्दल नसतो, तिच्याबद्दल असतो. कुलूप नीट लावलं होतं का? किल्ली कुणाकडे होती? एवढं सामान तिथं ठेवलंच कशाला? छेडछाडीच्या तक्रारीत "त्या वेळी तू तिथं कशाला गेली होतीस?" हे ऐकून आपले कान किटले आहेत. विमा कंपनीच्या कचेरीत त्याच प्रश्नाची सभ्य, छापील, इंग्रजी आवृत्ती मिळते. तिचं नाव : दावा नामंजूर केल्याचं पत्र.

या लेखात मला त्या पत्राशी भांडायचं आहे. आणि थोडं आपल्यातल्या काही मैत्रिणींशीही. विम्याचा विषय काढला की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "हा ग्राहक चळवळीचा प्रश्न आहे, आपला नाही. आपल्यापुढे हिंसाचार आहे, पोटगी आहे, जमिनीचे हक्क आहेत." माझं म्हणणं असं की बाईचा दावा पडतो तो ती बाई आहे म्हणूनच. पत्रात तसं लिहिलेलं नसतं एवढंच. तिची चीजवस्तू दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या किल्लीखाली असते आणि कुठल्याच कागदावर तिच्या नावाने नसते. विम्याच्या अटी मात्र स्वतःचं दुकान, स्वतःचं कुलूप आणि स्वतःची खातेवही असलेल्या व्यापाऱ्याला समोर ठेवून बेतलेल्या असतात. त्या अटी बाईच्या संसाराला आणि धंद्याला लावल्या की ती आपोआप खोटी ठरते.

पुलगावची एक खोली

पुलगाव हे तसं साठवणीचं गाव. लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार इथं आहे, कापसाचा बाजार आहे, गोदामं आहेत. गिरणी बंद पडली आणि अनेक घरांतला नियमित पगार गेला. तेव्हापासून घर चालवण्यासाठी बायांनी जी कामं धरली त्यांत शिवणकाम आहे, तिखट-मसाला आहे, उन्हाळ्यातले पापड, कुरड्या, सरगुंडे आहेत. या कामांना साठवणीची जागा लागते. घरात जागा नसते, म्हणून खोली भाड्याने घ्यावी लागते.

अशाच एका बचत गटाचं प्रकरण आमच्याकडे आलं. नावं देत नाही, बँकेचं आणि कंपनीचंही देत नाही, कारण वाद अजून चालू आहे. गटाने बँकेच्या कर्जातून दोन शिलाई मशीन आणि मिरची कांडण्याचं यंत्र घेतलं होतं. लग्नसराईसाठी तयार केलेला माल आणि हळद-मिरचीची पोती त्याच खोलीत होती. खोलीची एक किल्ली गटाच्या अध्यक्षबाईंकडे, दुसरी घरमालकाकडे. एका सकाळी बाया पोचल्या तेव्हा कुलूप जसंच्या तसं लटकत होतं आणि खोली रिकामी होती.

पोलिसांत तक्रार झाली. ठाण्यात फक्त 'चोरी' असं कलम लागलं. बँकेला कळवलं तेव्हा बायांना पहिल्यांदा समजलं की त्यांच्या खात्यातून दरवर्षी विम्याचा हप्ता कापला जात होता आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत होती. सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. काही महिन्यांनी पत्र आलं. कारणं दोन. एक, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नाही. दोन, साठ्याची खरेदीची बिलं नाहीत.

पत्राचा अर्थ सांगितल्यावर एक वयस्क बाई म्हणाली, "म्हंजे चोरानं आमच्यावर उपकार करून दार फोडाले पाह्यजे होतं काय जी?"

माझ्या पदव्युत्तर शिक्षणात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

कायद्यातली घरफोडी आणि पॉलिसीतली घरफोडी

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की एक मजेशीर गोष्ट हाती लागते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या कलम ४४५ मध्ये होती. कुलूप उघडून आत शिरणं हीसुद्धा तिथं घरफोडीच होती. कायद्याने उदाहरण देऊन सांगितलं होतं : घरमालकाची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि ती लावून तो आत शिरला, तर ती घरफोडी. आणि 'घर' म्हणजे फक्त राहतं घर नव्हे, माल ठेवण्याची जागासुद्धा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची हीच कल्पना कायम आहे.

म्हणजे इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत फौजदारी कायद्याला कळतं की चोर किल्लीनेही येतो. विमा कंपनीला कळत नाही. तिच्या पॉलिसीवर शीर्षक असतं 'घरफोडी विमा', पण आत बारीक अक्षरांत व्याख्या वेगळी असते : बळजबरीने, हिंसक रीतीने आत शिरून किंवा तसं बाहेर पडून केलेली चोरी. दार फुटलं पाहिजे, कडी वाकली पाहिजे, कोयंडा उखडला पाहिजे. नाहीतर ती साधी चोरी, आणि साध्या चोरीचे पैसे नाहीत.

न्यायालयाने काय म्हटलं? आपल्याला सोयीचं तेवढंच सांगणं बरोबर नाही, म्हणून आधी गैरसोयीचं सांगते. २००४ साली हरचंदराय चंदनलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फौजदारी कायद्यात काहीही असो, दोन्ही पक्षांनी जो करार केला त्यातली व्याख्या धरायची, असं न्यायालय म्हणालं. मात्र त्याच निकालात कंपन्यांना उद्देशून अपेक्षाही व्यक्त केली की सामान्य माणसाला समजेल असा अर्थ या शब्दांना असावा आणि पॉलिस्या त्या दृष्टीने सुधाराव्यात. २०१६ साली ओरिसाच्या औद्योगिक महामंडळाच्या प्रकरणात पुन्हा तोच निकाल. कंपन्यांनी निकाल उचलला, अपेक्षा तिथंच सोडली. आज नामंजुरीच्या पत्रांत २००४ चा दाखला ठणकावून दिलेला असतो, पण पॉलिसी सामान्य माणसाला कळेल अशी करा, हे त्यातलंच वाक्य कधी दिसत नाही.

आता दुसरी बाजू. २०१९ साली भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात हाच मुद्दा आला : दार फोडल्याची खूण नाही, म्हणून घरफोडीचा दावा नामंजूर. विमेदाराचं म्हणणं होतं की ही अट असलेला कागद आम्हाला कधी दिलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. जी वगळणारी अट विमेदाराच्या हाती दिलेलीच नाही, तिच्या आधारावर कंपनीला पैसे नाकारता येणार नाहीत.

मैत्रिणींनो, हा निकाल प्रत्येक बचत गटाच्या भिंतीवर चिकटवावा असा आहे. कारण आपल्या बायांच्या हाती पॉलिसी असतेच कुठं? हप्ता खात्यातून जातो, पॉलिसी बँकेत राहते, अटींचं पुस्तक कुणी पाहिलेलं नसतं. 'करार हा करार असतो' असं म्हणणाऱ्यांना आपण विचारलं पाहिजे, करार केला कुणी? ज्या कागदावर काय लिहिलंय ते बाईला दाखवलं नाही, ज्याची भाषा तिची नाही, ज्यावर सही करताना मॅनेजरने फक्त बोट ठेवून "इथं करा ताई" म्हटलं, तो करार तिचा कसा?

बिल नाही, म्हणून माल नाही

दुसरं कारण बिलांचं. मिरची घेतली आठवडी बाजारात, तीही सहा बायांकडून थोडी थोडी. हळद आली कुणाच्या तरी माहेरच्या शेतातून. गहू भिजवला, वाटला, चीक शिजवला, उन्हात कुरड्या घातल्या, पाखरं राखली, वाळवलं, डबे भरले. या सगळ्याचं बिल कोण देणार? सर्व्हेअरच्या तक्त्यात कच्च्या मालाच्या खरेदीचा रकाना असतो. बायांच्या दोन महिन्यांच्या मेहनतीचा रकाना नसतो. घरकामाला मोल नाही हे आपण इतकी वर्षं ओरडून सांगत आलो. इथं तर बाईने ते काम घराबाहेर आणून, विकायला मांडून दाखवलं, तरीही मोल नाही!

आणि जिथं चोराने बळजबरी केल्याचा ढळढळीत पुरावा होता, तिथं तरी बायांना न्याय मिळाला का? नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरच्या बँक ऑफ बडोदाच्या शाखेत काय झालं ते आठवा. चोरट्यांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, जमिनीखालून भुयार खणलं आणि सुमारे ३० लॉकर फोडले. भुयाराहून मोठी जबरदस्ती आणखी कोणती असते? पण तिथं प्रश्न बदलला : लॉकरमध्ये काय होतं ते सिद्ध करा. बँकेला आत काय ठेवलं ते माहीत नसतं, म्हणून विमाही नाही आणि जबाबदारीही नाही, असा बँकांचा पवित्रा होता. त्याच वर्षी माहिती अधिकारात विचारल्यावर सरकारी बँकांनी हेच उत्तर दिलं होतं.

लॉकरमध्ये काय असतं हे बँकेला माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे. बहुतेक वेळा बाईचं स्त्रीधन असतं. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून ते निर्विवाद तिचं आहे, नवरा फार तर विश्वस्त. पण लॉकर कुणाच्या नावावर? बिलं कुणाच्या नावावर? लग्नात आजीने घातलेल्या पाटल्यांची पावती कुठल्या घरात सापडते? म्हणजे कुलूप शाबूत असेल तर 'चोरीच नाही', आणि भिंत फुटली असेल तर 'मालच नाही'. दोन्हीकडून बाईच कोंडीत.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमिताभ दासगुप्ता प्रकरणात बँकांना बजावलं की लॉकरबाबत हात झटकता येणार नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडं २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २ लाख. आधी काहीच नव्हतं, त्या मानाने हे पुढचं पाऊल आहे. पण भरपाईचं माप काय ठरलं पाहा : बाईचं सोनं किती गेलं हे नव्हे, तर बँकेने भाडं किती घेतलं हे.

कंपनीची बाजू

कंपनीचे अधिकारी म्हणतात, जबरदस्तीची अट काढली तर कुणीही स्वतःच माल हलवेल आणि दावा लावेल, मग प्रामाणिक लोकांचे हप्ते वाढतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. खोटे दावे होतात. पण खोटेपणा शोधण्यासाठी सर्व्हेअर आहे, पोलीस तपास आहे. घरातल्या किंवा नोकराच्या चोरीसाठी पॉलिसीत वेगळं वगळणारं कलमही असतं. ते कलम लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईश्वरदास मदनलाल या जवाहिऱ्याच्या प्रकरणात सांगितलं आहे. सगळ्यांनाच आधी खोटं धरायचं आणि तुटलेलं कुलूप हा प्रामाणिकपणाचा एकमेव दाखला मानायचा, हा तपास टाळण्याचा मार्ग झाला.

शिवाय साध्या चोरीचं संरक्षण जादा हप्ता घेऊन देण्याची सोय अनेक पॉलिस्यांत आहे. बँकेच्या मॅनेजरने किंवा एजंटाने कधी गटाला विचारलं का, "तुमच्या खोलीची दुसरी किल्ली मालकाकडे आहे, मग साधी चोरीही धरायची का?" विकताना न विचारलेला प्रश्न दावा नाकारताना विचारायचा, हा कुठला व्यवहार?

कंपनीचे वकील आणखी दोन गोष्टी म्हणतात. एक, गट धंदा करतो म्हणून तो ग्राहक नाही. २०२३ च्या हर्सोलिया मोटर्स निकालाने हे निकालात काढलं : विमा नफा कमावण्यासाठी नसतो, नुकसान भरून काढण्यासाठी असतो. दोन, पॉलिसी बँकेच्या किंवा गोदामवाल्याच्या नावाने आहे, तुमचा काय संबंध? २०१४ साली कर्नाटकात ब्याडगीच्या शीतगृहाला आग लागून शेतकऱ्यांची मिरची जळाली तेव्हा कंपनीने हेच म्हटलं होतं. विमा शीतगृहाने काढला होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्या मालासाठी विमा आहे ते लाभार्थी शेतकरीसुद्धा ग्राहकच.

तेव्हा रडण्याआधी काय करायचं

दावा नामंजूर झाल्याचं पत्र हा शेवट नाही. ती भांडणाची पहिली तारीख आहे. आमच्या कामातून सुचणाऱ्या काही गोष्टी मांडते.

पंचनामा होताना सगळ्या जणी हजर राहा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. कौलं सरकली आहेत का, कडी सैल झाली आहे का, खिडकीचा गज वाकला आहे का, कुलपावर ओरखडे आहेत का, जे असेल ते लिहून घ्यायला लावा. नसेल ते सांगू नका. एका खोट्या ओरखड्याने सगळा दावा बुडतो. कुलूप उघडून शिरल्याचा संशय असेल तर नुसतं कलम ३०५ नको, घरफोडीच्या शिक्षेचं कलम ३३१ सुद्धा लावा अशी लेखी मागणी करा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. कंपनी पुढे पोलिसांची 'अ' समरी मागते. गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, असा तो अहवाल. त्याचा पाठपुरावाही आपल्यालाच करावा लागतो.

बँकेकडे आणि कंपनीकडे पॉलिसीची सर्व अटींसह प्रत आणि सर्व्हेअरचा अहवाल लेखी मागा. "आम्हाला याआधी प्रत दिलेली नव्हती" हे त्याच अर्जात लिहा. २०१९ च्या निकालाचा आधार तिथून सुरू होतो.

नामंजुरीचं पत्र जपून ठेवा. त्यात जी कारणं दिली तेवढ्यावरच कंपनीला लढावं लागतं, नवी कारणं नंतर काढता येत नाहीत. सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात हे स्पष्ट झालं आहे. बिलं नाहीत असं म्हटलं असेल तर विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवा : कागदपत्रांअभावी दावा नाकारू नये, लागणारी कागदपत्रं विमा देतानाच मागावीत.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. आपल्यासाठी तो वर्ध्याला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईच्या मुख्य कचेरीमागे धावावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही. विम्याचा हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि आपल्या गटांचा हप्ता त्याच्या आसपासही नसतो. व्यक्तीच्या नावाची पॉलिसी असेल तर नामंजुरीपासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथंही फी नाही.

आणि चोरी होण्याआधीच एक काम : साठ्याची वही. रोज काय आलं, काय तयार झालं, काय गेलं, किती बायांनी किती दिवस काम केलं, हे मासिक सभेत वाचून सह्या करा. यंत्रांचे नंबर लिहा, फोटो काढा. बाजारातल्या मिरचीवालीचा अंगठा वहीत घ्या. जग आपल्या श्रमाचं बिल देत नसेल तर ते आपण लिहायचं. खोली बदलली तर नवा पत्ता बँकेला लेखी कळवा, नाहीतर पुढच्या पत्रात तेच कारण येईल.

मागण्या

एकेका गटाने एकेक दावा लढवून हा प्रश्न सुटणार नाही. आपण एकत्र येऊन मागितलं पाहिजे की घरफोडीच्या विम्यात घरफोडीचा अर्थ देशाच्या फौजदारी कायद्यात आहे तोच असावा, किल्लीने उघडलेलं दारही त्यात यावं. बँकेने कर्जाबरोबर कापलेल्या प्रत्येक हप्त्यामागे पॉलिसीची मराठी प्रत गटाच्या हाती द्यावी आणि दिल्याची सही घ्यावी. बचत गटाची सभेत मंजूर झालेली साठ्याची वही पुरावा म्हणून मान्य व्हावी आणि मालाच्या किमतीत बायांची मजुरी धरली जावी. आणि दावा निकाली निघेपर्यंत चोरीला गेलेल्या यंत्राच्या कर्जाचे हप्ते थांबावेत. आज पुलगावच्या त्या बाया जी मशीन त्यांच्याकडे नाहीत त्यांचे पैसे दरमहा भरत आहेत. थकबाकी नको म्हणून त्यांतल्या दोघी दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जातात.

ज्या मैत्रिणी म्हणतात की हा आपला प्रश्न नाही, त्यांना एवढंच सांगायचं आहे. मालमत्तेचा हक्क आपण मागतो तो फक्त सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून नव्हे. मालमत्ता गेल्यावर "ती माझी होती" असं म्हणता यावं आणि ते ऐकून घेतलं जावं, हाही त्याच हक्काचा भाग आहे. बाईच्या शब्दाला किंमत नसणं हे आपण न्यायालयात पाहिलं, पोलीस ठाण्यात पाहिलं, घरात तर रोज पाहतो. विमा कंपनीच्या टेबलावर ते वेगळ्या भाषेत लिहिलेलं असतं. ती भाषा शिकून घेऊ या, आणि प्रत्येक नामंजुरीच्या पत्राला उत्तर जाईल असं बघू या. पुलगावच्या गटाचं उत्तर गेलं आहे. तुमच्या गावच्या गटाकडे असं पत्र पडून असेल तर ते बाहेर काढा, त्यावरची तारीख बघा आणि दोन वर्षं उलटायच्या आत वर्ध्याला असो की तुमच्या जिल्ह्याला, आयोगाची पायरी चढा.